रविवार मिळवून देणारा अर्ज

रविवारची पुरवणी हातात येते तेव्हा घरात एक निवांतपणा असतो. चहाचा दुसरा कप होतो, मुले उशिरा उठतात, आंघोळीची घाई नसते. आठवड्यातला हा एक दिवस आपला आहे, हे आपण इतके गृहीत धरले आहे की, तो कधीकाळी कोणाला मागून घ्यावा लागला असेल अशी शंकाही मनात येत नाही. सरकारी कचेऱ्यांना रविवार इंग्रजी अमलात आधीपासून होता. मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या माणसाला तो मिळाला १० जून १८९० रोजी. त्यासाठी कोणी दगड उचलला नव्हता की गिरणीची काच फोडली नव्हती. अर्ज केला होता. तोही एकदा नव्हे, सहा वर्षांत पुन्हा पुन्हा.

त्या अर्जांमागचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

हे नाव आता तसे अपरिचित राहिलेले नाही. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. २००५ साली त्यांच्यावर टपाल तिकीटही निघाले. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांना त्यांचे नाव आणि साल पाठ असते. मात्र ज्यांच्या हाती सत्ता नाही, पैसा नाही, मताचा हक्कही नाही, अशा माणसांचे गाऱ्हाणे त्यांनी सरकारी चौकशी आयोगापुढे नेमके कसे नेले, हा त्यांच्या आयुष्यातला शिकण्यासारखा भाग मागेच राहतो. लोखंडे जन्मले ठाण्याला. त्याच ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे तालुके आहेत आणि तिथल्या कितीतरी आदिवासी कुटुंबांच्या घरी हा रविवार अजून पोचलेला नाही. त्यांच्यासाठी आज कायमचा आयोग आहे. त्याचे दार कसे ठोठवावे, हे समजून घ्यायचे तर लोखंडे यांच्या आयुष्यापासून सुरुवात करणे बरे.

ठाण्याचा मुलगा

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. घराणे फुलमाळ्याचे. मूळ गाव पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातले कन्हेरसर. पोटापाण्यासाठी कुटुंब ठाण्याला आले आणि तिथेच नारायणाचे बालपण गेले. तो पाचेक वर्षांचा असताना, १८५३ च्या एप्रिलमध्ये, बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला पोचली. पुढच्या काही वर्षांत हेच रूळ कल्याण ओलांडून, शहापूर तालुक्यातल्या वासिंद-कसाऱ्यावरून थळ घाट चढून देशावर गेले.

या रुळांनी मुंबईचे रूप पालटले. वऱ्हाड-खानदेशचा कापूस झपाट्याने बंदरावर उतरू लागला. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन-तीन दशकांत ताडदेव, परळ, भायखळा या भागांत गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरीकडचा माणूस गलबतातून आला, देशावरचा पायी किंवा गाडीने. गावाकडे जमिनीचा तुकडा पुरेना, सावकाराचे देणे फिटेना, म्हणून तो आला होता.

ठाण्याच्या नारायणाने मॅट्रिकपर्यंत शिक्षण घेतले. शूद्रातिशूद्र समाजातल्या मुलाने त्या काळी एवढे शिकणे ही लहान गोष्ट नव्हती. काही काळ रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. स्टोअरकीपर म्हणजे आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद ठेवणारा माणूस. किती आले, किती गेले, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीने, हे त्याला चोख सांगता आले पाहिजे. लोखंडे यांनी पुढे जे अर्ज केले, त्यांत ही नोंदवहीची शिस्त दिसते. शिवाय या जागेवरून त्यांना साच्यावर उभा असलेला मजूर आणि कचेरीत बसलेला मालक असे दोघेही जवळून दिसत होते.

सूर्याची चाकरी

त्या काळच्या गिरणीत घड्याळापेक्षा सूर्याचा अंमल जास्त. उजाडले की काम सुरू, मावळले की बंद. साहजिकच उन्हाळ्यात दिवस लांबला की कामाचे तासही तेरा-चौदापर्यंत जात. दुपारच्या भाकरीसाठी ठरलेली सुट्टी नव्हती. यंत्र चालू असतानाच आडोशाला बसून चार घास गिळायचे. वर्षाकाठी सणांचे मोजके दिवस सोडले तर हक्काची सुट्टी नाही. एखाद्या रविवारी गिरणी बंद राहिली तरी यंत्रांची साफसफाई करायला मजुराला यावे लागे. एका महिन्याचा पगार हातात पडेपर्यंत पुढचा महिना बराचसा उलटलेला असायचा. तोवर दुकानदाराची उधारी आणि सावकाराचे व्याज. यंत्रात हात सापडला तर औषधपाणी ज्याचे त्याने पाहायचे आणि कायमचे अपंगत्व आले तर गावाची वाट धरायची.

सरकारला याची खबर नव्हती असे नाही. १८७५ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी पहिले कमिशन नेमले होते. त्यात गिरणीमालकांचेच वजन मोठे. कायद्याची गरज नाही, असा बहुमताचा निष्कर्ष निघाला. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी समाजसेवकाने चिकाटी सोडली नाही म्हणून १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचे नाही आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, असे त्यात होते. मोठ्या माणसांच्या तासांविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

या प्रश्नाला आणखी एक पदर होता. भारतीय गिरण्यांची वाढती स्पर्धा मँचेस्टरच्या मालकांना खुपत होती आणि इथल्या मजुरांच्या कळवळ्याने कायदा मागणाऱ्यांत ते आघाडीवर होते. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांना असा कायदा म्हणजे देशी उद्योगाच्या गळ्याला लावलेला फास वाटे. त्यांची शंका अगदी निराधार नव्हती. पण या ओढाताणीत एक प्रश्न कोणी विचारत नव्हते. मँचेस्टरचा हेतू काहीही असो, परळच्या मजुराला दुपारी अर्धा तास बसून भाकरी खायला मिळावी की नाही? हा प्रश्न मजुराच्या बाजूने आणि मजुराच्याच तोंडून विचारला जाण्याची गरज होती. ते काम लोखंडे यांनी अंगावर घेतले.

दीनबंधूची लेखणी

लोखंडे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. जोतीराव फुले यांचे ते निकटचे सहकारी. फुल्यांचे दुसरे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात दीनबंधू हे वृत्तपत्र सुरू केले होते. शेतकरी आणि कष्टकरी यांची बाजू मांडणारे हे पत्र पैशाअभावी चालवणे अवघड झाले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईत आणून स्वतः चालवायला घेतले. पुढे गिरणीतली नोकरी सोडून त्यांनी या कामाला वाहून घेतले.

फुले मुंबईला आले की लोखंडे आणि भालेकर यांच्याबरोबर मजुरांच्या सभांत बोलत. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला लेखी निवेदन दिले आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी त्यात केली. आयोग म्हणजे नुसता साहेबांचा दरबार नव्हे, तिथे आपल्या बाजूचा कागद दाखल करता येतो आणि तो सरकारी दप्तरात कायमचा राहतो, ही जाण या मंडळींना पक्की होती. दोन वर्षांनी लोखंडे यांना ती कामी आली.

सुपारीबागेतली सभा

१८८४ साली मुंबई सरकारने गिरणी कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी दुसरे कमिशन नेमले. अध्यक्ष होते डब्ल्यू. बी. मुलक, ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर राहिलेले गृहस्थ. कमिशन चौकशी करणार, म्हणजे कोणाची तरी साक्ष घेणार. मालकांकडे बोलायला संस्था होती. गिरणीमालकांचा संघ १८७५ सालीच स्थापन झाला होता. मजुरांकडे काय होते?

लोखंडे यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ या दिवशी परळच्या सुपारीबागेत मजुरांच्या सभा भरवल्या. मागण्या तिथे वाचल्या गेल्या आणि मंजूर झाल्या. त्यांचे निवेदन तयार झाले आणि त्यावर साडेपाच हजार मजुरांनी सह्या केल्या. यांतल्या कितीजणांना आपले नाव लिहिता येत होते, याचा अंदाज आपण करू शकतो. प्रत्येक सहीमागे कोणीतरी समोर बसून मजकूर समजावून सांगितला असणार, हेही उघड आहे.

मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय.

या पाच ओळी आज पुन्हा वाचल्या म्हणजे लोखंडे यांची हुशारी ध्यानात येते. त्यांत जुलूम, अन्याय, हालअपेष्टा असे मोठे शब्द नाहीत. प्रत्येक मागणी मोजता येण्यासारखी आहे. दिवस, तास, तारीख, रक्कम. खोटे ठरवायचे तर मालकाला हजेरीपट उघडून दाखवावा लागेल आणि खरे मानायचे तर कमिशनला नेमके काय करायचे ते ठाऊक आहे. चांगल्या अर्जाची याहून वेगळी व्याख्या करता येणार नाही.

आणि तरीही पुढे काय झाले? काहीच नाही. मुलक कमिशनचा अहवाल १८८५ साली आला आणि त्यातल्या शिफारशी कागदावरच राहिल्या. एखादा तिथेच खचला असता. या सगळ्या हालचालीतून उभी राहिलेली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन तशी नावापुरतीच संस्था होती. तिला सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, नियमावलीही नव्हती. सरकारी अहवालांनी ही उणीव आवर्जून नोंदवून ठेवली आहे. पण तिचे अध्यक्ष लोखंडे होते आणि दर आठवड्याला निघणारे दीनबंधू होते.

दहा हजारांची साक्ष

१८८९ साली मजुरांच्या वतीने पुन्हा अर्ज गेला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत जी सभा भरली, तिला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. त्यांची नावे इतिहासाने जपून ठेवली नाहीत, पण भर सभेत उभे राहून एखाद्या मजूर बाईने आपले गाऱ्हाणे मांडावे, ही १८९० सालची घटना आहे हे लक्षात घेतले पाहिजे. या वेळी निवेदन सरकारकडे न जाता थेट गिरणीमालकांच्या संघाकडे गेले. मागणीही एकच ठेवली होती, आठवड्याची सुट्टी. १० जून रोजी मालकांच्या संघाने ती मान्य केली.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नवे फॅक्टरी कमिशन नेमले आणि त्याच्या मुंबईतल्या चौकशीसाठी लोखंडे यांना मजुरांच्या बाजूचे सहसभासद म्हणून घेतले. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी आयोगाच्या दाराशी अर्ज आणून दिला, ते आता मेजाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते. १८९१ च्या कायद्याने कारखान्यातल्या मजुरांना आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती दिली. स्त्रियांना अकरा तासांची आणि मुलांना सात तासांची मर्यादा घातली. पुरुषांचे तास मात्र अमर्यादच राहिले. त्यावर कायद्याचा लगाम यायला १९११ साल उजाडले. म्हणजे सुपारीबागेतल्या पाचांपैकी काही मागण्या सहा-सात वर्षांत पदरात पडल्या आणि काहींसाठी पुढची पिढी लागली.

१८९० हे साल लोखंडे यांच्यासाठी धावपळीचे होते. याच वर्षी विधवांचे केशवपन करायचे नाही, असा निर्धार मुंबईच्या न्हावी समाजाकडून त्यांनी करवून घेतला. रूढीविरुद्ध भाषणे पुष्कळ झाली होती. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यालाच तो खाली ठेवायला सांगावे, ही युक्ती लोखंडे यांची. वर्षअखेर, २८ नोव्हेंबरला, जोतीराव गेले.

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल उसळली तेव्हा दोन्ही समाजांना जवळ आणण्यासाठी ते वस्त्यांतून हिंडले. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. किताब मिळाल्यावर माणूस बंगल्यात बसतो असा रिवाज. १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईत प्लेग आला, शहर ओस पडू लागले, ज्याला जमेल तो पळाला. लोखंडे थांबले. गोरगरीब रोग्यांसाठी त्यांनी इस्पितळाची सोय उभी केली आणि तिथे राबता राबता स्वतःच प्लेगला बळी पडले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आतच. महिनाभराने पुण्यात सावित्रीबाई फुलेही रोग्यांची सेवा करताना त्याच साथीत गेल्या.

शहापूर-मुरबाडच्या वाटेने

आता ठाणे जिल्ह्याकडे पुन्हा येऊ. लोखंडे हयात असतानाच, १८९२ साली, शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईला पोचले. पुढे भातसाही याच तालुक्यात बांधले गेले. मुंबई ज्यांच्या डोंगरातले पाणी पिते, त्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे दरवर्षीच्या बातम्यांतून आपण वाचतो. या डोंगरातल्या ठाकूर, महादेव कोळी आणि विशेषतः कातकरी वाड्यांवरची एक रीत मात्र बातमीत क्वचितच येते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा माणूस वाडीवर येतो आणि उचल देतो. बयाणा म्हणतात त्याला. दिवाळी झाली की सगळे कुटुंब, लहान पोरांसकट, भट्टीवर जाते आणि पाऊस तोंडावर आला की परतते. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने. हिशेबाची वही मालकाकडे. वर्षअखेर पुष्कळदा असे निघते की, उचल फिटलेलीच नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागेल. मध्येच निघून जावे तर मारहाणीची भीती.

याला कायद्यात नाव आहे, वेठबिगारी. घटनेच्या २३ व्या कलमाने ती निषिद्ध ठरवली आणि १९७६ च्या कायद्याने असे कर्ज मुळातच रद्द केले. या कायद्याखाली तक्रार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करायची असते. त्यांनी चौकशी करून मजुराला मुक्तता प्रमाणपत्र द्यायचे असते. मारहाण झाली असेल तर पोलिसांकडे फिर्याद. ही पहिली दारे. ती बंद राहिली तर पुढचे दार मानवी हक्क आयोगाचे.

अमेरिका खंडातल्या देशांसाठी वॉशिंग्टनला आणि आफ्रिकेसाठी गाम्बियातल्या बांजुलला मानवी हक्कांचे प्रादेशिक आयोग आहेत. आपल्या देशातले उपाय संपले की तिथल्या माणसाला तिकडे जाता येते. सामान्य माणसाची तक्रार ऐकणारा असा आयोग आशिया खंडासाठी नाही. आपल्याकडे १९९३ च्या कायद्याने दिल्लीला राष्ट्रीय आयोग झाला. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग २००१ पासून मुंबईत काम करू लागला. शहापूर-मुरबाडच्या माणसाला हाच जवळचा.

तिथे अर्ज करायला वकील लागत नाही, शुल्क लागत नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो आणि तो टपालाने पाठवता येतो. म्हणजे डोळखांब किंवा टोकावड्याहून अर्ज देण्यापुरती दिवसाची मजुरी बुडवून मुंबई गाठावी लागत नाही. अर्ज पीडिताने स्वतःच करावा असेही नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणालाही करता येतो. दीनबंधूच्या संपादकाने गिरणी मजुरांसाठी जे केले, ते कायद्याने आता प्रत्येकाला मोकळे करून दिले आहे.

मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. आयोग पाहतो तो सरकारी नोकराने केलेला हक्कभंग किंवा तो रोखण्यात त्याने केलेली हयगय. त्यामुळे वीटभट्टीच्या मालकाने मारले, एवढेच लिहून भागत नाही. अमुक तारखेला ठाण्यावर गेलो, फिर्याद घेतली नाही. अमुक तारखेला तहसील कचेरीत अर्ज दिला, चौकशीला कोणी आले नाही. हे लिहायला हवे आणि त्या अर्जाची पोच सोबत जोडायला हवी. निनावी किंवा मोघम तक्रार टिकत नाही. दुसऱ्या एखाद्या आयोगापुढे चालू असलेले प्रकरण हा आयोग घेत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घटना घडल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार पोचली पाहिजे.

ही एक वर्षाची अट भट्टीच्या चक्राशी ताडून पाहावी. मार्गशीर्षात मार बसला, ज्येष्ठात कुटुंब घरी आले, मग लावणीची घाई. श्रावणात चूल थंड, तेव्हा तोच मालक नवी उचल घेऊन दारात. आज तक्रार केली तर उद्याचा दाणा बंद, म्हणून माणूस गप्प राहतो. तो पुन्हा भट्टीवर जाईतो वर्ष संपत आलेले असते. म्हणून लिहायची वेळ म्हणजे भट्टीवरून परतल्यानंतरचे पहिले काही दिवस.

अर्ज आल्यावर आयोग संबंधित अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवतो. अहवाल मुदतीत आला नाही तर स्वतः चौकशी पुढे नेऊ शकतो. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे हजर करायला लावणे, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत. चौकशीसाठी त्याचे स्वतःचे पोलीसही असतात. हक्कभंग झाला असे दिसले तर भरपाई द्यावी, दोषी अधिकाऱ्यावर कारवाई करावी, तातडीची मदत द्यावी, अशा शिफारशी तो सरकारला करतो आणि त्यांवर काय केले ते सरकारने एका महिन्यात कळवायचे असते. अहवालाची प्रत अर्जदाराला मिळते.

शिफारशी. हा शब्द ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे शेवटी १८८५ सालचेच आले. शिफारस कागदावर राहू शकते, हे खरे आहे. पण आयोगाला स्वतः उच्च न्यायालयात जाता येते आणि त्याचा अहवाल हाती असलेला अर्जदारही तिथे रिकाम्या हाताने जात नाही. आदिवासींना, स्त्रियांना आणि वेठबिगारीच्या बळींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे त्यासाठी साधा अर्ज करावा लागतो. लोखंडे यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते. मुलक कमिशनचा अहवाल धूळ खात पडला तेव्हा त्यांनी पुन्हा सह्या गोळा केल्या, पुन्हा सभा घेतली आणि सरकार हलत नाही असे दिसल्यावर तोच कागद मालकांच्या दारी नेला. एका दारावर त्यांनी आपली सगळी आशा टांगून ठेवली नव्हती.

गिरण्या आता राहिल्या नाहीत. सुपारीबागेत सह्या घ्यायला जी माणसे बसली असतील, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या अंगी अलौकिक असे काही नव्हते. लिहिता येत होते आणि दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यायची तयारी होती, एवढेच. आश्रमशाळेत शिकून वाडीवर परतलेल्या मुलामुलींकडे आज हे दोन्ही आहे. शहरातल्या वाचकाकडे तर त्याशिवाय रविवारही आहे. घरी काम करणारी बाई, इमारतीच्या पायाला माती वाहणारा मजूर, गावी गेल्यावर भेटणारा जुना गडी, यांच्यापैकी कोणाचे गाऱ्हाणे ऐकून ते कागदावर उतरवून द्यायला एक सकाळ पुरते. नाव, गाव, काय घडले, कोणाकडे दाद मागितली, त्याने काय केले, आणि मागणी काय. वर घटनेची तारीख ठळक लिहावी, कारण आयोगाचे वर्ष तिथपासून मोजले जाते.